सातपुड्याचे आकाश आणि सूर्याची वादळे

नंदुरबार जिल्हा २१ ते २२ अंश उत्तर अक्षांशांच्या दरम्यान, तापीच्या सपाटीपासून सातपुड्याच्या रांगा ओलांडून नर्मदेच्या काठापर्यंत पसरलेला आहे, आणि अक्राणी तालुक्यातील तोरणमाळसारख्या ठिकाणी शहरी दिव्यांचा उजेड पोहोचत नसल्यामुळे तेथील रात्रीचे आकाश महाराष्ट्रातील उत्तम आकाशांपैकी एक मानले पाहिजे. तरीही या आकाशात ध्रुवीय प्रकाश, म्हणजे ज्याला जगभर अरोरा म्हणतात तो हिरवा, तांबडा, जांभळा, हलता प्रकाशपट, एरवी कधी दिसत नाही; त्यासाठी नॉर्वे, आइसलँड, अलास्का किंवा कॅनडाचा उत्तर भाग गाठावा लागतो. यावरून या विषयाचा महाराष्ट्राशी काही संबंध नसावा असा समज होणे साहजिक आहे, परंतु तो खरा नाही. ज्या सौर घटनेमुळे ध्रुवांजवळ प्रकाश दिसतो, त्याच घटनेमुळे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्रही डळमळते. या डळमळण्याला चुंबकीय वादळ म्हणतात, आणि ते विषुववृत्तापासून फार दूर नसलेल्या ठिकाणी अधिक स्वच्छपणे मोजता येते. जगाला ठाऊक असलेल्या सर्वांत मोठ्या चुंबकीय वादळांपैकी दोन वादळांच्या अत्यंत मोलाच्या नोंदी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाल्या, आणि त्यांतील एका वादळाच्या रात्री ध्रुवीय प्रकाश मुंबईतूनही दिसला, असे समकालीन वृत्त आहे.

या साऱ्याचे मूळ सूर्यात आहे. सूर्यावरील द्रव्य इतके तप्त असते की अणूंमधील इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि ऋणभारित इलेक्ट्रॉन व धनभारित आयन यांचे एक वाहते मिश्रण तयार होते; त्याला प्लाझ्मा किंवा आयनद्रायू असे नाव आहे. विद्युतभारित कण वाहू लागले की चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, आणि उलट, चुंबकीय क्षेत्रही त्या कणांच्या वाहण्याला दिशा देते, म्हणून सूर्यावर द्रव्य आणि चुंबकीय क्षेत्र एकमेकांत गुंतलेले असतात. त्यात सूर्य एकसंध गोळ्यासारखा फिरत नाही. त्याचा विषुववृत्ताजवळचा भाग सुमारे २५ दिवसांत एक फेरी पूर्ण करतो, तर ध्रुवांकडील भागाला त्याहून पुष्कळ अधिक दिवस लागतात. या असमान फिरण्यामुळे चुंबकीय क्षेत्ररेषा, म्हणजे क्षेत्राची दिशा दाखवणाऱ्या काल्पनिक रेषा, ताणल्या जातात, पिळल्या जातात आणि काही ठिकाणी पृष्ठभाग भेदून बाहेर येतात. अशा ठिकाणी आतून येणारी उष्णता अडते, तेथील तापमान आसपासच्या सुमारे ५,५०० अंश सेल्सिअसपेक्षा दीड-दोन हजार अंशांनी कमी राहते आणि तो भाग काळसर दिसतो, हेच सौरडाग. त्यांची संख्या सुमारे ११ वर्षांच्या चक्राने वाढते आणि घटते; असे चक्र असल्याचे जर्मन निरीक्षक श्वाबे यांनी १८४३ मध्ये दीर्घ निरीक्षणांनंतर दाखवले, आणि त्या डागांत तीव्र चुंबकीय क्षेत्र असते हे अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ हेल यांनी १९०८ मध्ये सिद्ध केले.

पिळलेल्या क्षेत्ररेषांत साठलेली ऊर्जा कधीकधी काही मिनिटांत मोकळी होते, आणि तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी घडू शकतात, ज्यांची गल्लत नेहमी होते. पहिली म्हणजे सौरज्वाला. तीत प्रकाश आणि क्ष-किरण यांचा प्रचंड झोत बाहेर पडतो आणि तो पृथ्वीपर्यंत सव्वाआठ-साडेआठ मिनिटांत येतो. दुसरी म्हणजे किरीटातील द्रव्याचे उत्क्षेपण. सूर्याच्या दृश्य पृष्ठभागाभोवती जे अतिविरळ पण दहा लाख अंशांहून तप्त आवरण असते त्याला किरीट म्हणतात, आणि खग्रास ग्रहणात ते डोळ्यांना दिसते. त्या किरीटातून अब्जावधी टन प्लाझ्मा आपल्या चुंबकीय क्षेत्रासह सुटून अवकाशात फेकला जातो. एरवीही किरीटातून कणांचा एक अखंड प्रवाह बाहेर पडत असतो. हा सौरवात असला पाहिजे हे यूजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये गणिताने मांडले, आणि त्याचा वेग साधारणपणे सेकंदाला ३०० ते ८०० किलोमीटर असतो. उत्क्षेपणाचा मेघ मात्र याहून कितीतरी वेगवान असू शकतो आणि एक ते तीन दिवसांत पृथ्वीजवळ येतो. मोठ्या ध्रुवीय प्रकाशांचे कारण मुख्यतः हा मेघ असतो, ज्वाला नव्हे.

मेघ पृथ्वीवर आदळला म्हणजे प्रकाश दिसलाच, असेही नाही. पृथ्वीला स्वतःचे चुंबकीय क्षेत्र आहे आणि ते अवकाशात दूरवर पसरून चुंबकांबर नावाची एक पोकळी राखते. सौरवात तिला सूर्याकडील बाजूने दाबतो आणि विरुद्ध बाजूस लाखो किलोमीटर लांब शेपटीसारखी ओढतो. येणाऱ्या मेघातील चुंबकीय क्षेत्र उत्तरेकडे रोखलेले असेल, तर ते पृथ्वीच्या तेथील क्षेत्राशी समांतर ठरते आणि मेघ बराचसा बाजूने निघून जातो. तेच क्षेत्र दक्षिणेकडे वळलेले असेल, तर दोन विरुद्ध दिशांच्या क्षेत्ररेषा तुटून एकमेकींशी नव्याने जुळतात. या क्रियेला चुंबकीय पुनर्जोडणी म्हणतात, आणि तिच्यामुळे सौरवाताची ऊर्जा चुंबकांबरात शिरते, हा विचार ब्रिटिश भौतिकविज्ञ जेम्स डंगी यांनी १९६१ मध्ये मांडला. शिरलेली ऊर्जा शेपटीच्या भागात साठते, तेथेही पुनर्जोडणी होऊन ती सुटते, आणि त्या भागातील इलेक्ट्रॉन वेग घेऊन क्षेत्ररेषांच्या वाटेने पृथ्वीकडे खाली उतरतात. म्हणजे सूर्याचे कण सरळ येऊन हवेवर आपटतात आणि प्रकाश पडतो हे जे सोपे वर्णन पुष्कळदा वाचायला मिळते, ते अपुरे आहे. सूर्याकडून आलेल्या ऊर्जेने पृथ्वीच्या अंगणातच कणांना वेग दिला जातो.

हे इलेक्ट्रॉन ज्या क्षेत्ररेषांवरून येतात, त्या जमिनीला दोन्ही चुंबकीय ध्रुवांभोवती सुमारे ६५ ते ७० अंश चुंबकीय अक्षांशांवरील, म्हणजे चुंबकीय ध्रुवांच्या हिशेबाने मोजलेल्या अक्षांशांवरील, वलयांत भेटतात, आणि म्हणून प्रकाश ध्रुवावर नव्हे, तर ध्रुवाभोवतीच्या कड्यात दिसतो. खाली उतरणारे इलेक्ट्रॉन वातावरणाच्या वरच्या थरांतील अणूंवर आदळून त्यांना ऊर्जा देतात आणि ते अणू ती ऊर्जा ठरावीक रंगाच्या प्रकाशाच्या रूपाने परत सोडतात. निऑन दिव्याच्या नळीत विद्युतप्रवाहाने वायू उजळतो त्यामागेही हेच तत्त्व आहे. रंग कोणता दिसेल हे उंचीवर अवलंबून असते, आणि त्यामागचे कारण फार सुंदर आहे. ऑक्सिजनचा अणू ५५७.७ नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा प्रकाश देण्यास सेकंदाहून कमी वेळ घेतो, पण ६३० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश देण्यास त्याला जवळजवळ दोन मिनिटे लागतात. खालच्या, दाट हवेत त्या दोन मिनिटांत तो दुसऱ्या कणांना अनेकदा धडकतो आणि त्याची ऊर्जा प्रकाश न देताच संपते. त्यामुळे १०० ते १५० किलोमीटर उंचीवर हिरवा रंग प्रभावी ठरतो, आणि तांबडा मात्र २०० किलोमीटरच्या वर, जेथे हवा इतकी विरळ असते की अणूला निवांत वेळ मिळतो, तेथेच दिसतो. निळ्या-जांभळ्या छटा मुख्यतः नायट्रोजनच्या असतात. दूरच्या देशांतून क्षितिजाजवळ दिसणारा अरोरा बहुधा तांबडाच का असतो, याचेही उत्तर यात आहे: हिरवा भाग पृथ्वीच्या वक्रतेआड जातो आणि उंचावरचा तांबडा तेवढा उरतो.

अक्षांशाचा प्रश्न येथे निर्णायक आहे. अमेरिकेच्या हवाई बेटांवरील होनोलुलु आणि नंदुरबार ही दोन्ही शहरे जवळजवळ एकाच भौगोलिक अक्षांशावर, २१.३ ते २१.४ अंशांच्या आसपास आहेत, आणि क्यूबाची राजधानी हवाना त्यांच्यापेक्षा जेमतेम दोन अंश उत्तरेला आहे. पण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा अक्ष तिच्या फिरण्याच्या अक्षाशी जुळत नाही. उत्तर गोलार्धातील भूचुंबकीय ध्रुव कॅनडाच्या उत्तरेकडील बेटांच्या बाजूला झुकलेला आहे, आणि भारत त्याच्या जवळजवळ पलीकडच्या अंगाला येतो. परिणामी हवानाचा चुंबकीय अक्षांश सुमारे ३२ अंश, होनोलुलुचा सुमारे २२ अंश, तर नंदुरबारचा केवळ १३ ते १४ अंश भरतो. १८५९ च्या महावादळात क्यूबातून आणि हवाई बेटांवरून अरोरा दिसल्याच्या नोंदी आहेत. सातपुड्याच्या आकाशात तो का दिसत नाही याचे कारण हवामानात किंवा उष्णतेत नाही. पृथ्वीचे चुंबकत्व कोणत्या बाजूला कलले आहे, यात ते आहे.

१८५९ ची घटना सर्वज्ञात आहे, पण तिचा मुंबईशी असलेला संबंध मराठी वाचकांपर्यंत फारसा पोहोचलेला नाही. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सौरडागांच्या एका मोठ्या समूहाचे चित्र काढत असताना त्यांना त्या समूहावर दोन ठिकाणी डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश काही मिनिटे दिसला, आणि रिचर्ड हॉजसन यांनीही तो स्वतंत्रपणे पाहिला. सौरज्वालेचे हे पहिले निरीक्षण होय. त्यानंतर साडेसतरा तासांच्या आसपास मेघ पृथ्वीवर येऊन थडकला. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापली होती आणि १८४० च्या दशकापासून तेथे चुंबकीय निरीक्षणे नियमितपणे घेतली जात होती. धाग्याला टांगलेल्या चुंबकावर बसवलेल्या आरशातून मोजपट्टीचे प्रतिबिंब दुर्बिणीतून पाहायचे आणि आकडा वहीत लिहायचा, अशी ती पद्धत होती. एरवी दर तासाला वाचन होई, आणि क्षेत्र अस्थिर झाले की ते दर १५ किंवा ५ मिनिटांनी घेतले जाई. २ सप्टेंबरला सकाळ सरून दुपार होण्याच्या सुमारास चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली आला. नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे सूक्ष्म एकक असून मुंबई परिसरातील हा घटक एकूण ३७-३८ हजार नॅनोटेस्ला असतो, म्हणजे ही घट चार टक्क्यांच्या आसपास होती. ऐकताना ती लहान वाटते, पण मोठ्या म्हणून गणल्या जाणाऱ्या वादळांतही ती साधारण एक टक्क्यापर्यंतच जाते.

युरोपातील वेधशाळांकडे तेव्हा प्रकाशचित्रणाने आपोआप नोंद घेणारी उपकरणे होती, पण क्षेत्र इतके हेलकावले की नोंदी कागदाबाहेर गेल्या. शिवाय त्या वेधशाळा अरोराच्या वलयाच्या जवळ असल्यामुळे तेथील आकड्यांत ध्रुवीय प्रकाशासोबत वाहणाऱ्या स्थानिक विद्युतप्रवाहांचा गोंधळ मिसळलेला असतो. मुंबईचे स्थान याबाबतीत अनुकूल होते. चुंबकीय वादळात पृथ्वीपासून काही पृथ्वी-त्रिज्यांच्या अंतरावर, विषुववृत्ताच्या पातळीत, धन आयन पश्चिमेकडे आणि इलेक्ट्रॉन पूर्वेकडे सरकत जाऊन पृथ्वीभोवती एक प्रचंड वलयप्रवाह तयार होतो, आणि त्याचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट दिशेचे असल्यामुळे कमी अक्षांशांवरील क्षेत्र घटते; ही घट किती, यावरून वादळाची ताकद ठरते. कुलाब्याच्या वहीतील ते आकडे १४४ वर्षांनी, २००३ मध्ये, त्सुरुतानी, गोन्झालेझ, लखिना आणि अलेक्स यांच्या शोधनिबंधातून जगासमोर नव्याने आले, आणि त्यांतील गुरबक्ष लखिना व एस. अलेक्स हे भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे संशोधक होते. त्या निबंधात वादळाची तीव्रता उणे १,७६० नॅनोटेस्ला मानली होती, पुढच्या अभ्यासकांनी तासाच्या सरासरीचा विचार करून ती उणे ९५० च्या आसपास आणली, आणि हा वाद पुरता मिटलेला नाही. मात्र दोन्ही पक्षांचा आधार कुलाब्याची तीच वही आहे. एका बाबीकडे मात्र सहसा लक्ष वेधले जात नाही. वादळाचा कळस झाला तेव्हा मुंबईत सूर्य डोक्यावर येत होता, त्यामुळे आकाशात काही असले तरी ते पाहणे शक्यच नव्हते.

१८७२ मध्ये ती अडचण आली नाही. रविवार, ४ फेब्रुवारी १८७२ रोजी वादळाची सुरुवात जागतिक वेळेप्रमाणे १४ वाजून २७ मिनिटांनी झाली. मुंबईच्या तेव्हाच्या स्थानिक वेळेत हे सायंकाळचे सव्वासात होतात, म्हणजे सूर्य मावळून अंधार पडलेला होता आणि पुढे पूर्ण रात्र शिल्लक होती. सूर्यावरील ज्या डागसमूहातून हा स्फोट झाला असावा तो मध्यम आकाराचाच होता, पण सूर्यबिंबाच्या जवळजवळ मध्यावर, म्हणजे पृथ्वीच्या नेमका समोर होता, आणि तेथून निघालेला मेघ सुमारे २९ तासांत पोहोचला असावा, असा अलीकडच्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. मुंबईच्या वृत्तपत्रात त्या आठवड्यात आलेल्या वृत्तानुसार प्रकाश सूर्यास्तानंतर अंधूक दिसू लागला, त्याचा रंग सतत बदलत राहिला, सोमवारी पहाटे तीनच्या सुमारास तो सर्वांत तीव्र असताना गडद जांभळा होता, आणि सूर्योदयापर्यंत तो ओळखू येत होता. मुंबई आणि एडन यांच्यामधील समुद्राखालच्या तारेवरील संदेशवहनही त्या रात्री विस्कळीत झाले, कारण बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे लांब तारांत आपोआप विद्युतप्रवाह निर्माण होतो. मुंबईचा चुंबकीय अक्षांश त्या काळी १० अंश होता, आणि इतक्या कमी चुंबकीय अक्षांशावरून अरोरा दिसल्याचे वृत्त जगाच्या इतिहासात विरळाच सापडते. त्या वादळाच्या तीव्रतेचा उणे ८३४ नॅनोटेस्ला किंवा त्याहून अधिक खोल असा अंदाज २०२३ मध्ये हायाकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला, आणि १८५९ व १९२१ च्या वादळांसोबत त्याची गणना ज्ञात असलेल्या तीन सर्वांत मोठ्या वादळांत केली.

त्याच रात्री तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील सिंधमध्ये, जेकबाबाद येथे, अरोरा थेट डोक्यावर दिसल्याची विश्वसनीय नोंद आहे. तिच्या आधारे खानदेशचा हिशेब मांडता येतो. आजचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. १८७२ मध्ये हा सारा मुलूख खानदेश जिल्ह्यात मोडत होता. जेकबाबाद नंदुरबारपासून सरळ रेषेत साडेनऊशे-हजार किलोमीटरवर आहे, आणि तांबड्या प्रकाशाचा वरचा भाग ४०० किलोमीटर उंचीवर धरला, तर पृथ्वीची वक्रता जमेस धरूनही तो नंदुरबारहून उत्तरेकडील क्षितिजाच्या वर १५ ते २० अंशांपर्यंत चढलेला दिसला पाहिजे. तळोदा किंवा शहादा येथील सपाटीवरून पाहणाऱ्याला सातपुड्याची रांग उत्तरेस आडवी असते, परंतु ती क्षितिजापासून काही थोड्या अंशांपेक्षा उंच जात नाही, म्हणजे तो प्रकाश डोंगराच्या माथ्यावर सहज दिसण्याजोगा होता. फेब्रुवारीत सातपुड्यातील गवत आणि पाला वाळू लागतो आणि वणव्यांचे दिवस जवळ येतात. डोंगरामागचा तांबूस उजेड पाहून दूर कुठेतरी रान पेटले आहे असे लोकांनी मानले असेल, तर त्यात नवल नाही, कारण इतर अनेक देशांतही अरोराला आग समजून लोक धावून गेल्याची उदाहरणे नमूद आहेत. १८७२ च्या त्या रात्रीचा उल्लेख खानदेशातील एखाद्या जुन्या रोजनिशीत, वहीत किंवा सरकारी पत्रव्यवहारात सापडला, तर त्याचे मोल केवळ स्थानिक राहणार नाही, आणि म्हणून हा शोध कोणीतरी गांभीर्याने घ्यावा, असे वाटते.

कुलाब्याची परंपरा पुढे ज्यांनी समृद्ध केली, ते नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस १८९६ मध्ये त्या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्या कारकिर्दीतच मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले, आणि रुळांतून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहामुळे कुलाब्याची सूक्ष्म उपकरणे निरुपयोगी होतील हे ओळखून नव्या जागेचा शोध घेतला गेला. मुंबईपासून समुद्रापलीकडे सुमारे ३० किलोमीटरवर असलेले अलिबाग निवडले गेले. तेथील उपकरणगृह चुंबकीय गुणधर्म नसलेल्या, पारखून घेतलेल्या पोरबंदरी दगडात बांधले गेले, आणि आतले तापमान जवळजवळ स्थिर राहील अशी त्याची रचना करण्यात आली. १९०४ पासून अलिबागला काम सुरू झाले आणि १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, ज्यामुळे जुन्या व नव्या आकड्यांचा सांधा जुळला. ही दूरदृष्टी विशेष गौरवास पात्र आहे, कारण घाईने केलेल्या स्थलांतरात साठ वर्षांची मालिका तेथेच तुटली असती. १८४६ ते १९०५ या काळातील नोंदींचे मूस यांनी केलेले विवेचन १९१० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाले, आणि वादळ एकाएकी कसे सुरू होते, क्षेत्र कसे खालावते आणि मग दिवसेंदिवस कसे सावकाश पूर्ववत होते, याचा अभ्यास करणाऱ्या सिडनी चॅपमन यांच्यासारख्या संशोधकांना त्या सामग्रीचा आधार मिळाला. याच वेधशाळेचा वारसा पुढे चालवणारी भारतीय भूचुंबकत्व संस्था १९७१ मध्ये स्वायत्त झाली. तिचे मुख्यालय नवीन पनवेल येथे असून अलिबागची वेधशाळा आजही तिच्या अखत्यारीत काम करते.

अलीकडचे सर्वांत मोठे वादळ मे २०२४ मधील होय. सूर्यावरील १३६६४ क्रमांकाच्या क्रियाशील प्रदेशातून एकामागून एक सुटलेले अनेक मेघ १० मे रोजी पृथ्वीवर पोहोचले आणि वादळाची तीव्रता उणे ४०० नॅनोटेस्लांच्या पलीकडे गेली. नोव्हेंबर २००३ नंतर एवढे तीव्र वादळ झाले नव्हते. त्या रात्री लडाखमधील हानले येथील भारतीय खगोलीय वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी उत्तर क्षितिजावर तांबडी आभा टिपली. हानले ३२.८ अंश उत्तर अक्षांशावर आणि सुमारे ४,५०० मीटर उंचीवर आहे, आणि तेथेही ती आभा क्षितिजालगतच होती, यावरून ती प्रत्यक्षात त्याच्याही खूप उत्तरेला होती हे उघड आहे. चारशे किलोमीटर उंचीवरचा प्रकाश त्याच्या पायथ्यापासून सव्वादोन हजार किलोमीटरच्या पलीकडून दिसूच शकत नाही, त्यामुळे तोरणमाळचे आकाश कितीही काळेभोर असले तरी त्या रात्री तेथून काही दिसण्याचा संभव नव्हता. १८७२ आणि २०२४ यांच्या ताकदीतील फरक या एका तुलनेत स्पष्ट होतो.

नंदुरबारला सूर्याच्या वादळांचा जो परिणाम खरोखर भोगावा लागतो, तो डोळ्यांना दिसत नाही. जमिनीपासून साधारण ८० किलोमीटरच्या वर सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांमुळे हवेचे काही अणू विद्युतभारित झालेले असतात. या थराला आयनांबर म्हणतात, आणि उपग्रहांकडून येणारे संदेश त्यातून वाट काढतच जमिनीवर पोहोचतात. चुंबकीय विषुववृत्तावर दिवसा विद्युत क्षेत्रामुळे हा आयनित वायू वर उचलला जातो आणि क्षेत्ररेषांवरून घसरत दोन्ही बाजूंना सुमारे १५ अंश चुंबकीय अक्षांशाजवळ येऊन साचतो. भारतातील हा साठ्याचा पट्टा अहमदाबाद, राजकोट, भोपाळ या परिसरातून जातो, आणि खानदेश त्याच्या दक्षिण कडेला येतो. येथे सूर्य क्रियाशील असण्याच्या काळात सूर्यास्तानंतर आयनांबरात विरळ वायूचे बुडबुडे तयार होतात, त्यांतून जाणारा उपग्रहसंदेश थरथरतो आणि स्थाननिश्चितीत चूक शिरते. भूमी अभिलेख विभाग आता शेतजमिनीच्या मोजणीसाठी उपग्रहांच्या आधारे चालणारी रोव्हर यंत्रे वापरतो. अशा यंत्रांची सेंटीमीटरची अचूकता ज्या संदेशांवर उभी असते, ते संदेश या थरातूनच येतात. मे २०२४ च्या वादळात अमेरिकेत पेरणीच्या ऐन हंगामात उपग्रहाच्या आधारे चालणाऱ्या ट्रॅक्टरांची मार्गदर्शक यंत्रणा बिघडली, तेव्हा या प्रश्नाचे गांभीर्य शेतकऱ्यांच्या ध्यानात आले.

येथे आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. अरोराचा जो ६३० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश, तोच अत्यंत क्षीण प्रमाणात महाराष्ट्राच्या आकाशात प्रत्येक रात्री असतो, फक्त त्याचे कारण निराळे आहे: दिवसा सूर्यप्रकाशाने फुटलेले ऑक्सिजनचे आयन रात्री इलेक्ट्रॉनांशी पुन्हा संयोग पावतात आणि त्या रासायनिक क्रियेत हा प्रकाश बाहेर पडतो. त्याला नभोदीप्ती म्हणता येईल. तो डोळ्यांना जाणवत नाही, पण संवेदनशील कॅमेऱ्याला जाणवतो, आणि भूचुंबकत्व संस्था कोल्हापूर येथील आपल्या केंद्रातून संपूर्ण आकाशाची अशी चित्रे घेऊन आयनांबरातील बुडबुडे, जे त्या दीप्तीत काळ्या पट्ट्यांच्या रूपाने दिसतात, त्यांचा अभ्यास करते.

पूर्वसूचनेच्या बाबतीत मात्र मानवी सामर्थ्य अजून अपुरे आहे. भारताचे आदित्य एल-१ हे यान २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथून निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेने असलेल्या पहिल्या लग्रांज बिंदूभोवतीच्या कक्षेत पोहोचले. त्यावरील सूट ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या संस्थेच्या नेतृत्वाखाली तयार झाली असून ती सूर्याच्या पृष्ठभागालगतच्या थरांची चित्रे घेते, तर यानावरील चुंबकत्वमापक जवळून जाणाऱ्या सौरवाताचे चुंबकीय क्षेत्र मोजतो. मेघ सूर्यावरून निघाला हे दुर्बिणीतून लगेच कळते आणि तो केव्हा पोहोचेल हेही काही तासांच्या फरकाने सांगता येते. पण त्यातील क्षेत्र उत्तरेकडे वळलेले आहे की दक्षिणेकडे, म्हणजे वादळ होणार की नाही, हे तो या बिंदूवरून जाताना प्रत्यक्ष मोजल्यावरच खात्रीने समजते. सेकंदाला ८०० किलोमीटर वेगाच्या मेघाला तेथून पृथ्वीपर्यंत यायला अर्धा तास लागतो. १८७२ च्या मेघाने सरासरी वेग तसाच टिकवला असेल, तर त्याला जेमतेम १७-१८ मिनिटे लागली असती, आणि १८५९ च्या मेघाला दहाच्या आसपास.